कान वाहतो म्हणून सोडून देऊ नका. पडद्याचं भोक बुजवता येतं

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. भिंतीकडेच्या बाकावर बसायची, अगदी हळू बोलायची, कुणाशी भांडण नाही की कुणाची तक्रार नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, ‘स्वभाव शांत, अभ्यासात लक्ष कमी.’ श्रुतलेखनात तिचे शब्द अर्धवट असायचे. ‘गाढव’चं ‘गाड’, ‘पाऊस’चं ‘पाऊ’. मला वाटायचं, घरी उर्दू बोलतात, त्यामुळे मराठी कच्चं राहिलं. एक दिवस वही तपासायला तिच्याजवळ वाकले, तेव्हा स्कार्फच्या आतून वास आला. कानात कापसाचा बोळा होता, पिवळा पडलेला.

तिच्या अम्मीला बोलावून घेतलं. त्या अगदी सहज म्हणाल्या, “टीचर, इसका कान तो छोटी थी तब से बहता. सर्दी हुई के बहता, फिर अपने-आप सूख जाता.” घरी कोमट तेल घालत होत्या, कधी मेडिकलमधून थेंबाची बाटली आणत होत्या. मुलीला कमी ऐकू येतं हे त्यांच्या मनातही आलेलं नव्हतं, कारण घरात जवळून हाक मारली की ती ओ देत होती. आणि खरं सांगायचं तर मी बीएड केलेली बाई, रोज सहा तास तिच्यासमोर उभी राहणारी, माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

पुढे तिच्या उजव्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. त्या निमित्ताने डॉक्टरांना जे जे विचारलं, जे वाचलं आणि डोळ्यांनी पाहिलं, ते इथे लिहिते आहे. आपल्या मोहल्ल्यात असं एक तरी मूल असतंच.

पडदा काय काम करतो

कानाच्या नळीच्या तळाशी एक पातळ पडदा ताणून बसवलेला असतो. रुंदी साधारण ९-१० मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या लहान बटणाएवढा. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. त्याच्या मागे हवा भरलेली छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिथे तीन हाडं एकमेकांना जोडलेली असतात : हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. आवाजाने पडदा थरथरतो, ती थरथर हाडांतून पुढे जाते आणि रिकिबीचा तळवा ती आतल्या कानातल्या पाण्यावर दाबतो.

मधे ही हाडं कशाला, असं वाटेल. हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर बराचसा परत फिरतो. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरच्यांचं बोलणं ऐकू येत नाही ना, तसंच. म्हणून जोर वाढवावा लागतो. मुलांना मी ड्रॉइंग पिनचं उदाहरण देते. अंगठा रुंद डोक्यावर दाबतो, पण सगळा दाब बारीक टोकावर येतो आणि पिन लाकडात घुसते. पडद्याचं काम करणारं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट आहे. हाडांच्या तरफेचा थोडा फायदा त्यात धरला तर दाब वीसपटीहून जास्त वाढतो. पडद्याला भोक पडलं की हीच यंत्रणा ढिली पडते. फाटलेला डफ वाजवून पाहा, तसं काहीसं. भोक जेवढं मोठं, तेवढं ऐकणं कमी. आणि पू वर्षानुवर्षे राहिला तर ती नाजूक हाडंही झिजतात. मग तोटा आणखी वाढतो.

या प्रकारच्या बहिरेपणाची एक खूण मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. आतला कान, म्हणजे नसेचा भाग, चांगला असतो. त्यामुळे माणसाला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून छान ऐकू येतो, उलट मोठाच वाटतो. आत्ता एका कानात बोट घालून ‘हूं’ म्हणा. त्याच कानात आवाज घुमेल. अशा मुलाला वाटतं, आपण पुरेसं मोठ्याने बोलतोय. म्हणून ते हळू बोलतं. आपण म्हणतो, किती शरीफ मुलगी आहे, आवाज चढवत नाही!

भोक पडतं कसं

सर्वांत जास्त वेळा सर्दीतून. नाकाच्या मागून मध्यकर्णापर्यंत एक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीचे जंतू सहज कानात पोचतात. आत पू साठतो, मूल रात्रभर रडतं, मग पडदा फुटून पू बाहेर येतो आणि दुखणं एकदम थांबतं. आई म्हणते, बरं झालं, फुटलं एकदाचं. पुष्कळदा औषधाने हे भोक भरूनही येतं. पण सर्दी वारंवार झाली, गळ्यात नाकामागची गाठ वाढलेली असली, घरात विडी-सिगारेटचा धूर असला, बाळाला झोपवून बाटलीने दूध पाजलं, तर कान पुन्हा पुन्हा वाहतो आणि भोक कायमचं होतं.

दुसरं कारण म्हणजे कानशिलात. उघडा पंजा कानावर बसला की नळीतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटतो. शिक्षणहक्क कायद्याने, २००९ सालीच, शाळेत मारण्यावर बंदी घातली. तरी हात उचलणारे आहेत, शाळेत, मदरशात आणि घरातही. बाईच्या कानावर हात पडला तर ती डॉक्टरला ‘न्हाणीत पडले’ असं सांगते. अशा मारातून पडलेलं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतं. अट एकच, कान कोरडा ठेवायचा आणि त्यात काहीही घालायचं नाही. डॉक्टरला मात्र लगेच दाखवावं.

तिसरं, काडीपेटीची काडी, हेअरपिन, बॉलपेनचं टोपण आणि बाजारात लाल टोपी घालून फिरणारे कान साफ करणारे. यांच्याविषयी जास्त लिहीत नाही. कानातला मळ आपोआप बाहेर येतो, एवढंच.

तेलाविषयी थोडं सांगायला हवं, कारण आमच्या दादी-नानींचा त्यावर भरवसा. पडदा शाबूत असेल तर तेलाने फारसं बिघडत नाही. पण भोक असेल तर तेल, लसणाचा अर्क, आईचं दूध, सगळं सरळ मध्यकर्णात उतरतं आणि नवा पू तयार होतो. मेडिकलमधून स्वतःच आणलेले थेंबही धोक्याचे. काही थेंबांतली औषधं भोकातून आत जाऊन नसेला इजा करतात. ते नुकसान मग कोणत्याही ऑपरेशनने भरून येत नाही.

वासाकडे लक्ष द्या

वाहणारे कान दोन तऱ्हेचे. एकात सर्दी झाली की भरपूर, चिकट, शेंबडासारखं पाणी येतं आणि मग कान सुकतो. दुसऱ्यात स्राव थोडाच, पण सडका वास, कधी रक्त. या दुसऱ्या प्रकारात पडद्याची कातडी आत ओढली जाऊन मध्यकर्णात वाढत राहते. ही गाठ कर्करोगाची नसते, पण आजूबाजूचं हाड खात जाते. चेहरा वाकडा होणं, चक्कर येणं, पू मेंदूपर्यंत जाणं, इथपर्यंत मजल जाते. तिथे ऐकणं सुधारणं ही नंतरची गोष्ट. आधी कानामागचं हाड कोरून ती गाठ काढावीच लागते. वाहणाऱ्या कानासोबत ताप आणि जोराचं डोकं दुखणं, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं किंवा कानामागे सूज दिसली तर सकाळची वाट पाहू नका.

आमच्या मुलीचा कान पहिल्या तऱ्हेचा निघाला, अल्हम्दुलिल्लाह. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांनी चिठ्ठी दिली आणि ती सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात गेली. दोन्ही पडद्यांना भोकं होती.

तपासणीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद

ऐकण्याच्या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. शांत खोलीत हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज देतात, ऐकू आला की बटण दाबायचं. त्यानंतर कानामागच्या हाडावर एक कंप देणारं बटण टेकवून पुन्हा तेच. कागदावर दोन रेघा येतात : एक हवेतून ऐकल्याची, एक हाडातून ऐकल्याची. हाडाची रेघ सांगते की नस कशी आहे. हवेची रेघ सांगते की पडदा आणि हाडं धरून माणसाला प्रत्यक्ष किती ऐकू येतं. या दोन रेघांमधलं अंतर हाच पडद्याचा आणि हाडांचा दोष. सर्जन जास्तीत जास्त तेवढंच अंतर भरून काढू शकतो. हाडाची रेघच खाली गेली असेल तर पडदा कितीही सुंदर बसला तरी ऐकणं पूर्ण परत येणार नाही, पुढे श्रवणयंत्र लागू शकतं. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा : “या दोन रेघांत किती अंतर आहे, आणि त्यातलं किती भरेल?”

मुलीची हवेची रेघ दोन्ही कानांत ४५ डेसिबलच्या आसपास होती. समोरासमोरचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं, कुजबुज ३० ची. म्हणजे अम्मीची हाक पोचत होती. पंख्याच्या घरघरीत, फळ्याकडे तोंड करून मी बोललेलं पोचत नव्हतं.

ऑपरेशन

मांसाचा किंवा प्लास्टिकचा तुकडा लावतात असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. कानाच्या वर, कानशिलावर हात ठेवून दात आवळा, स्नायू हलेल. त्या स्नायूवर एक पांढरं, पातळ आवरण असतं. कानामागे छोटा छेद घेऊन त्याचाच तुकडा काढतात आणि पसरून वाळवतात. वाळला की तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा दिसतो. काही वेळा कानाच्या पुढच्या कुर्चेचा पातळ तुकडाही वापरतात. तुकडा पेशंटच्याच शरीरातला, म्हणून शरीर त्याला परकं मानत नाही.

मग सूक्ष्मदर्शकाखाली भोकाची जुनी कड खरवडून ताजी करतात. हे मला विशेष वाटलं. कड जुनी झाली की शरीराला ती जखमच वाटत नाही, म्हणून ती भरत नाही. तिला पुन्हा जखम करावी लागते. त्यानंतर उरलेला पडदा अलगद उचलून त्याच्या खाली तो पापुद्रा सरकवतात आणि खालून-वरून विरघळणाऱ्या स्पंजचा आधार देतात. पापुद्रा म्हणजे खरं तर पायाड. कडेची कातडी त्यावरून सरकत जाते, रक्तवाहिन्या येतात, आणि काही आठवड्यांत शरीर स्वतःचा पडदा विणून घेतं. आतली हाडं हलतात का, हेही त्याच वेळी पाहतात. एखादं झिजलेलं असेल तर तेच घासून, किंवा कुर्चा वा टायटॅनियमचा तुकडा लावून साखळी जोडतात. नुसतं भोक बुजवण्याला मायरिंगोप्लास्टी आणि मध्यकर्ण पाहून, दुरुस्त करून पडदा बसवण्याला टिम्पॅनोप्लास्टी म्हणतात. कागदावर दोन्ही शब्द दिसतील. काही ठिकाणी आता दुर्बिणीने, कानामागे छेद न घेताही करतात.

या ऑपरेशनची आजची पद्धत १९५० च्या दशकात जर्मनीत वुल्स्टाइन आणि त्सोलनर या दोन सर्जननी घडवली. त्याच सुमाराला ऑपरेशनसाठी चांगले सूक्ष्मदर्शक मिळू लागले होते. त्याशिवाय एवढ्याशा जागेत हात चालणं अवघडच.

मोठ्या माणसांत बहुधा जागा बधिर करून होतं, लहान मुलांना पूर्ण भूल देतात. वेळ तास-दोन तास. कानामागचे थोडेच केस काढतात. मुलीचं लग्न ठरत असेल तर आईचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून लिहिलं. छेदाची खूणही कानामागच्या घडीत लपते. रिश्ता येईल तेव्हा कळायला नको म्हणून वाहणारा कान लपवून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. लपवलेला कान सासरी गेल्यावरही वाहतोच.

ऑपरेशनच्या आधी कान काही आठवडे कोरडा राहिलेला असेल तर चांगलं. सर्दी, ॲलर्जी, नाकामागची गाठ यांचा इलाज आधी होतो, नाहीतर नवा पडदाही त्याच वाटेने जातो. फार लहान मुलांत डॉक्टर थोडं थांबतात. दोन्ही कान खराब असतील तर सहसा आधी एकच करतात. चांगल्या हातात दहातल्या आठ-नऊ जणांचा पडदा धरतो. ज्यांचा धरत नाही त्यांना पुन्हा करता येतं. नसेला किंवा चेहऱ्याच्या शिरेला इजा होणं दुर्मिळ आहे, पण सही करण्याआधी तेही नीट विचारून घ्यावं.

घरी आल्यावर

ऑपरेशननंतर लगेच ऐकू येईल अशी आशा धरू नका. नळीत स्पंज भरलेला असतो, उलट कान जास्तच बंद वाटतो. टक्-टक् आवाज येतात, कानाचा वरचा भाग काही आठवडे बधिर राहतो, जिभेच्या एका बाजूची चव काही दिवस बिघडते, कारण चवीची एक बारीक शीर मध्यकर्णातूनच जाते. आमच्या मुलीच्या दादीने तिसऱ्याच दिवशी जाहीर केलं, “कान बिगाड दिये डॉक्टरों ने.” आठवड्यानंतर टाके निघतात, स्पंज विरघळायला काही आठवडे लागतात आणि खरी तपासणी साधारण तीन महिन्यांनी होते.

तोवर नाक जोराने शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. वजन उचलायचं नाही, विमानप्रवास डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. उमऱ्याचं तिकीट काढलं असेल तर ऑपरेशनची तारीख त्याप्रमाणे ठरवा. पाण्याचा थेंबही कानात जाता कामा नये. आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन चोपडून कानाच्या तोंडाशी लावायचा.

वुजू आणि गुस्लचं काय, हे बायका मला हमखास विचारतात. डोक्याला पट्टी असताना तिच्यावरून मसह करण्याची सवलत आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. नंतरही ओलं बोट नळीत घालू नका, आणि नाकात पाणी जोराने ओढू नका. सुरुवातीच्या दिवसांत वाकल्यावर चक्कर येत असेल तर नमाज बसून इशाऱ्याने पढता येते. तपशील आपल्या इमामसाहेबांना विचारा, पण विचारताना डॉक्टरांनी काय सांगितलं तेही सांगा.

रमजानचा प्रश्न जरा वेगळा. पडद्याला भोक असेल तर कानात घातलेलं औषध नळीवाटे घशात उतरतं, पुष्कळांना त्याची कडू चव लागते. जुन्या हनफी किताबांत कानात औषध घातल्याने रोजा तुटतो असं लिहिलेलं आहे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये ठरवलं की घशात आलेलं गिळलं नाही तर कानाच्या थेंबांनी रोजा तुटत नाही. आलिमांत मतभेद आहेत, म्हणून आपल्या आलिमांना विचारताना ‘पडद्याला भोक आहे’ हे आवर्जून सांगा. पुष्कळ वेळा डॉक्टर थेंबांची वेळ सेहरीआधी आणि इफ्तारनंतर बसवून देतात. विचारलं तर.

तो विरघळणारा स्पंज जिलेटिनचा असतो आणि काही कंपन्यांचं जिलेटिन डुकराच्या कातडीपासून केलेलं असतं. ज्यांना हे खटकतं त्यांनी ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारावं, दुसरा पर्याय आहे का ते पाहावं आणि आलिमांचा सल्ला घ्यावा. टेबलावर झोपल्यावर हा विषय काढून उपयोग नाही.

पैशांचं

सरकारी मेडिकल कॉलेजांत हे ऑपरेशन नेहमीचं आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियाही येतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा आणि आपलं ऑपरेशन तिथे बसतं का ते आधी लिहून घ्या. मुंबईकरांना ऐकण्याच्या तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही आहे.

आमच्या मुलीचा पडदा धरला. तीन महिन्यांनी उजव्या कानाची रेघ ४५ वरून २५ वर आली. त्या आठवड्यात तिने मला विचारलं, “टीचर, वर्गातला पंखा नवीन लावला का? आवाज करतो.” पंखा तोच होता. डाव्या कानाचं ऑपरेशन यंदाच्या उन्हाळी सुट्टीत आहे. तोवर ती पहिल्या बाकावर, माझ्या टेबलाच्या उजव्या हाताला बसते, म्हणजे तिचा चांगला कान माझ्याकडे येतो.